सातवा आवाज

मन्मथ, तुझ्या गावात तुझ्याविषयी काय बोलत होते ते आधी सांगून टाकतो. म्हणत होते, फौजी होता, माजला होता. विहिरीत एक सुरुंग उडायचा राहिलाय हे ठाऊक असूनही खाली उतरला. म्हणत होते, निम्मं आयुष्य सुरुंगात गेलं, भीड चेपली होती, दुसरं काय. पंचनाम्यात हेच जरा सरकारी मराठीत लिहिलंय: मयत इसम स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मरण पावला. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

तू आणि निष्काळजी! चपलेत पाय घालण्याआधी ती उलटी करून झटकणारा तू. एसटीत बसायच्या आधी सीटखाली वाकून बघायचास आणि मागच्या बाया पदर सावरत पुटपुटायच्या. माझ्या घरी जेवायला आलास की पाट आधी हातानं चाचपायचास. माझी बायको म्हणायची, भाऊजींना आमच्या पाटाचाही भरवसा नाही. अशा माणसाला फौजदारानं दहा मिनिटांत निष्काळजी ठरवलं आणि मी मान खाली घालून सही केली. मला तुझा राग येतो, माझा त्याहून जास्त येतो, आणि या दोन्ही रागांचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आपण भेटलो ते इथून कितीतरी लांब, वाळूत. लढाई संपली होती. दोन्हीकडच्या फौजांनी पेरलेले भूसुरुंग मात्र जमिनीत तसेच होते आणि ते वेचून काढायचं काम तुमच्या तुकडीकडं होतं. मी तुमच्यामागं पाठवलेला नर्सिंगवाला. खांद्याला औषधांची पिशवी, हाताशी दोन जवान आणि एक स्ट्रेचर, एवढाच माझा दवाखाना. पहिल्या दिवशी लंगरात तू आचाऱ्याशी नीट हिंदीत बोललास आणि मग ताटाकडं बघून पुटपुटलास, "मीठ कामून न्हाई रे बाबा ह्यात." मी ताट उचलून तुझ्याशेजारी येऊन बसलो. तू मुखेडकडचा, मी शिरूर अनंतपाळचा. घरून येणाऱ्या पत्रांत दोघांनाही एकच बातमी असायची, पाऊस नाही. तिकडं आपली माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि इकडं आपण परक्या मुलखात जमीन चाचपत होतो. तेव्हापासून तू मला डाक्टर म्हणायला लागलास. मी साधा मलमपट्टीवाला, पण तुझ्या तोंडून ते ऐकायला मला आवडायचं.

त्या कामाचा एक नियम होता आणि तो तूच मला शिकवलास. तुम्ही पोटावर पडून, बारीक सळई वाळूत तिरकी खुपसत, वीत वीत पुढं सरकायचात. जेवढी जमीन तपासून झाली तेवढीच्या दोन्ही कडांना पांढरी फीत लावायची. चालायचं ते फितींच्या मधून. माझी जागा फीत जिथं सुरू होते तिथं. आत कुणी जखमी झाला तरी मी धावायचं नाही. आधी कुणीतरी त्याच्यापर्यंत जमीन तपासत जाणार, फीत नेणार, मग मला बोलावणार. मी म्हणालो, पेशंट हाका मारतोय आणि दवाखाना हाताची घडी घालून उभा आहे, ही कसली तऱ्हा? तू म्हणालास, दवाखानाच उडाला तर पेशंटनं कुणाला हाका मारायच्या? बिनतोड होतं, म्हणून मला पटलं नाही.

मग सोमनचं झालं. केरळचा जवान, तुमच्यात सगळ्यात चांगला पोहणारा, आणि आलाय वाळवंटात, असं आपण त्याला चिडवायचो. त्याच्या पायाखालची वाळू सरकली आणि तोल सावरायला त्यानं एक पाऊल फितीबाहेर टाकलं. पाय घोट्याच्या वरून गेला. तो माझ्यापासून तीस पावलांवर पडला होता आणि मला हाका मारत होता. मला, मन्मथ, तुला नाही. मी पिशवी उचलली तेवढ्यात तू दोन जवानांना सांगितलंस, याला धरा. त्यांनी मला खाली पाडून धरलं. सोमन जिथून चालत गेला होता ती वाट स्फोटानं उखणून निघाली होती, फितींचा पत्ता नव्हता. तू पोटावर पडलास आणि सळई खुपसत त्याच्याकडं निघालास. एक वीत, मग आणखी एक वीत. मी तुला आईवरून शिव्या घातल्या. तू तिथं पोचून मला हात केलास तेव्हा पट्टा आवळून थांबवावं इतकं रक्त त्याच्यात उरलं नव्हतं.

वाटेत तुझ्या सळईला एक सुरुंग लागला होता. मी जिथून धावलो असतो, बरोबर तिथं. संध्याकाळी तू तो निकामी करून माझ्यापुढं आणून ठेवलास, बुटाच्या पॉलिशच्या डबीएवढा, आणि निघून गेलास. त्या दिवशी तू मला धरायला लावलं नसतंस तर माझं लग्न झालं नसतं, दोन मुलं झाली नसती, हे लिहायला हात राहिला नसता. हे मला तेव्हाही कळत होतं आणि नंतर रोज कळत राहिलं. तरी तुला माफ करायला जमलं नाही. जीव वाचवणाऱ्या माणसाचा इतका राग येऊ शकतो हे मला तुझ्यामुळं समजलं.

पुढं तेरा वर्षं आपण तेच भांडण भांडलो. तू म्हणायचास, तू गेला असतास तर दोघं गेले असते. मी म्हणायचो, तो एकटा तर मेला नसता. उदगीरच्या स्टँडवर, तुझ्या शेताच्या बांधावर, माझ्या ओसरीवर. लोक चहाबरोबर भावपाण्याच्या गोष्टी करतात, आपण सोमनला मध्ये घेऊन बसायचो. दोघांच्याही बायका कंटाळून आत निघून जायच्या. मला वाटतं, दोघांनाही ते भांडण संपायला नको होतं. ते संपलं असतं तर त्याला आठवणारं कुणी राहिलं नसतं.

फौज सुटल्यावर मी इकडं आरोग्य केंद्रात ड्रेसर म्हणून लागलो. तू शेतीत गेलास. लातूर जिल्हा नवा झाला आणि पाठोपाठ पावसानंही दडी मारली. नव्या जिल्ह्यात गावोगाव विहिरींची कामं निघाली, त्यात खडक फोडायला सुरुंगाची जाणती माणसं हवी होती. तू परवाना काढलास आणि आमच्या भागात यायला लागलास. उतरायचास माझ्याकडं. तू लिंगायत, अंड्याला न शिवणारा, म्हणून माझी बायको आमचा अंडी केलेला तवा बाजूला ठेवून तुझ्यासाठी दुसरा घ्यायची. तू म्हणायचास, वहिनी, तवा बदललात, पर नवरा तोच हाय की.

तुझी अट एकच असायची. डाक्टर हजर असल्याशिवाय बार उडवणार नाही. शेतकरी हसायचे. एक जण म्हणाला होता, हिर खांदायची हाय का आप्रेशन करायचं हाय? तू ढिम्म. म्हणून सगळं काम माझ्या सुट्टीच्या दिवशी असायचं आणि मी पिशवी घेऊन लांब बाभळीखाली बसलेला असायचो. तीन वर्षांत त्या पिशवीतून काय निघालं? काटे काढायला चिमटा, चेचलेल्या बोटांना पट्टी, धुरानं डोकं धरलेल्यांना गोळ्या. बाकी नुसतं बसणं. इतकं कंटाळवाणं काम मी कधी केलं नाही, आणि त्या कंटाळ्याचा आपल्या दोघांनाही अभिमान होता. आमच्या आरोग्य केंद्राची आटलेली विहीरही तूच खोल केलीस. आज पंचक्रोशीतल्या बाळंतिणींना तिचं पाणी मिळतं. हे पंचनाम्यात यायला हवं होतं, असं मला उगाच वाटतं.

तुझी मोजायची रीत आता लोकांना सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. खडकात भोकं पाडायची, त्यात दारूचे तोटे भरायचे, वाती पेटवायच्या आणि तू काठावरच्या यारीला दोरानं टांगलेल्या बादलीतून वर यायचास. वाती कमीजास्त लांबीच्या, म्हणजे बार एकामागून एक उडतील आणि मोजता येतील. मोजायचं दोघांनी, वेगवेगळं, एकमेकांकडं न बघता. तू तुझ्या आईनं शिकवलेल्या कानडीत मोजायचास, नुसते ओठ हलायचे, ओंदु, एरडु, मूरु. मी एका मुठीतले खडे दुसऱ्या मुठीत टाकायचो. मग तू विचारायचास, किती? आकडे जुळले तर धूर निवल्यावर तू एकटा खाली उतरून सगळी भोकं बघायचास आणि मग मजूर उतरायचे. आकडे जुळले नाहीत तर त्या दिवशी विहिरीकडं कुणी फिरकायचं नाही. मालकानं डोकं आपटून घेतलं तरी नाही. एकदा माझा एक खडा मुठीतून निसटला म्हणून अख्खा दिवस बुडाला होता. तू एका शब्दानं मला बोलला नव्हतास.

पोळ्याच्या सुमाराला आपण उदगीरच्या स्टँडवर तुझ्या गाडीची वाट बघत होतो. सोमनची गोष्ट मी काढली नव्हती, तूही नेहमीसारखी काढली नाहीस. बराच वेळ बोटांनी कपाची कड पुसत बसलास आणि म्हणालास, "डाक्टर, त्या दिवशी मी भ्यालो व्हतो. शेवटच्या चार हातांत दोनदा थांबला माझा हात."

तेरा वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तू मला दिलीस. मी काय म्हणायला हवं होतं ते आता मला दहा प्रकारे सुचतं. माणूस भ्यायचा नाही तर काय करायचा, सुरुंगच होता की पुढं. मी म्हणालो, "मला ठाऊक होतं." ठाऊक बिऊक काही नव्हतं. तुला लागावं म्हणून बोललो. तू मान हलवलीस, मुखेडची गाडी लागली, तू सीटखाली वाकून बघितलंस आणि बसलास. मी पान खायला गेलो.

आणि मग ती विहीर. सात भोकं होती. भर दुपार, सावली पायाखाली गेलेली, मालक येरझाऱ्या घालत होता आणि मजूर घमेली पालथी घालून त्यांवर बसले होते. बार सुरू झाले. पाचवा आणि सहावा जवळजवळ आले. मग जरा थांबून सातवा, दबका, बाजूनं आल्यासारखा. मी सातवा खडा टाकला. तू विचारलंस, किती. मी म्हणालो, सात. तू विहिरीकडं बघत राहिलास आणि म्हणालास, "मला सहाच लागले."

नियमाप्रमाणं काम तिथंच थांबायला हवं होतं. तुझी आवराआवर सुरूही झाली होती. मालक कुरकुरायला लागला. उन्हानं माझं डोकं उठलं होतं, पुढचा रविवारही असाच जाणार म्हणून वैताग आला होता. पण मी बोललो ते त्यामुळं नाही, निदान तुझ्यापुढं तरी खरं बोलतो. तुझ्यापेक्षा मी बरोबर ठरावं, एकदा तरी, चारचौघांत, असं मला वाटलं. म्हणालो, "सात झालेत, मी मोजलेत. का हितंबी भ्यायलास?"

हसतच म्हणालो. मजूर हसले, मालक हसला. तू माझ्याकडं बघितलंस. त्या बघण्याबद्दल मला काही लिहायचं नाही. धूर निवेपर्यंत तू थांबलास, मग बादलीत पाय टाकलास.

सातवं भोक आत धुमसत होतं. ते उडालं तेव्हा मला काही मोजावं लागलं नाही.

या खेपेला मला धरून ठेवणारं कुणी नव्हतं. मी दोराला लोंबकळून उतरलो, तळहात सोलून निघाले. तुझा श्वास चालू होता. जे येत होतं ते सगळं केलं. पट्टे आवळले, तोंडातली माती काढली, मान सरळ धरली. बादली दुसऱ्यांदा खाली येईपर्यंत माझ्या बोटांखालची नाडी थांबली. शेवटी काय म्हणाले, असं लोक विचारतात. तू काहीच म्हणाला नाहीस. सोमनकडं मी तेव्हा धावलो असतो तर काय झालं असतं, याचं उत्तर मला त्या तळाशी बसून मिळालं. मी धावलो, वेळेत पोचलो, आणि तू माझ्या हातात गेलास. आपलं भांडण तू जिंकलास, मन्मथ. हे ऐकायला तूच नव्हतास.

फौजदार दिवस मावळायच्या आत आला. विचारलं, बार किती झाले. मी म्हणालो, मयत सांगत होते की सहाच झाले. त्यानं विचारलं, तरी उतरले? मी म्हणालो, हो. दोन्ही उत्तरं खरी होती. त्या दोन्हींच्या मध्ये एक वाक्य होतं, ते मी बोललो नाही. त्यानं विचारलं नाही म्हणून नाही, भ्यालो म्हणून. मजुरांना विचारलं तर ते म्हणाले, डाक्टर जाणते हायेत, त्यांनाच इचारा. त्यानं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, मी सही केली. मग सगळे मला पाणी पाजायला लागले.

तुमच्यात माणसाला बसवून पुरतात. तुझ्या गावचे विधी करणारे जंगम मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, ह्यांना बसवता येईल का हो? कमरेपासून तू मोडला होतास. मी आंब्याच्या खोक्याच्या दोन फळ्या काढल्या, पाठीला दोन्ही बाजूंनी लावल्या आणि गळ्यापर्यंत पट्ट्या बांधत आणल्या. माझ्या नोकरीतलं सगळ्यात चांगलं ड्रेसिंग ते होतं. तू ताठ बसलास. तळहातावर इष्टलिंग ठेवलं, वर फुलं आली. तुझी बायको, आमच्या महानंदा वहिनी, म्हणाल्या, पूजेलाच बसलेत जणू. आणि लोक माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, मित्र असावा तर असा. मी ते ऐकून घेतलं. एकाही हाताला झटकलं नाही.

चौथ्या दिवशी त्या विहिरीजवळच्या नाल्यापलीकडचा एक शेतकरी डोळ्यात कचरा गेला म्हणून केंद्रात आला. डोळा धुताना बोलता बोलता म्हणाला, आमच्याबी हिरीला त्याच दिवशी दुपारी बार व्हता, एकच भोक मारलं, म्हणलं तुमचा गलका चाललाय तवर उरकून घ्यावं. लाल निशाण लावलं होतं का, असं मी विचारलं. म्हणाला, एका बाराला कशाचं निशाण? तो आपल्याला काय सांगून गेला ते त्याला आजही ठाऊक नाही. मी त्याच्या डोळ्यात थेंब टाकले आणि पट्टी बांधली. माझा सातवा आवाज त्याच्या विहिरीचा होता. दुष्काळात हरेक शिवारात विहीर, हरेक विहिरीत बार, आणि मी बाभळीखाली बसून शेजारच्याचा आवाज तुझ्या खात्यावर टाकला.

बायको म्हणाली, मग तुमची काय चूक? कुणालाही सातच लागले असते. मला ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच इतकी शिसारी आली की दुसऱ्या दिवशी रजा टाकून लातूर गाठलं. म्हटलं, जबाब दुरुस्त करून घेऊ. नव्या जिल्ह्याची कचेरी तीन वर्षांनंतरही भाड्याच्या जागेत, निम्मी दप्तरं अजून जुन्या जिल्ह्यातून यायची. कारकुनानं तुझा पत्ता बघून विचारलं, मयत नांदेड जिल्ह्यातला, मग इथं कशाला आलात? मी म्हणालो, विहीर तुमच्या जिल्ह्यात आहे. त्यानं अर्ज दिला. त्यात मयताशी नातं असा रकाना होता, मी मित्र लिहिलं. तो म्हणाला, मित्र चालत नाही. मग त्यालाच माझी दया आली. म्हणाला, जाऊ द्या हो, गेलेल्या माणसाला काय फरक पडतोय. अर्ज मात्र ठेवून घेतला. त्याचं काय होईल ते मला माहीत आहे, मी स्वतः सरकारी नोकर आहे.

म्हणून तुझ्या गावी गेलो. मुखेडला बाजाराचा दिवस होता, गाडीत उभं राहायला जागा नव्हती. तुझ्या गावची दोन माणसं माझ्यापुढंच तुझ्याविषयी बोलत होती, माजला होता वगैरे. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि घरी पोचलो तर तुझी थोरली शाळेतून मध्येच परत आलेली, कोपऱ्यात तोंड लपवून बसलेली. वर्गातली एक पोरगी तिला म्हणाली होती, तुझा बाप मस्तीनं मेला. वहिनींनी मला हे सांगितलं ते तक्रार म्हणून नव्हे. बापाचा मित्र आलाय, तो काहीतरी समजूत घालेल, एवढ्याच आशेनं. पोरीनंही माझ्याकडं बघितलं.

मी वहिनींना सांगितलं. बार किती, मोजले कुणी, नाल्यापलीकडची विहीर, सगळं. त्या ज्वारी निवडत होत्या. हात थांबला नाही. माझं झाल्यावर म्हणाल्या, "हे मला सांगून काय व्हतंय? ज्यांनी नाव ठिवलं त्यांना सांगा." सूप बाजूला ठेवलं, पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि माझी वाट न बघता बाहेर पडल्या. नवरा जाऊन महिना झालेला नाही अशी बाई भर दिवसा मठापुढच्या ओट्याकडं चालत निघाली, मागं मी. दारादारांतून माणसं बघत होती. ओट्यावर तुझ्या वयाचे, तुझ्या भावकीतले आठदहा जण होते, तुझे चुलते होते, जंगमही होते. त्यांना येताना बघून सगळे उठून उभे राहिले.

मी सांगितलं. सात मी म्हणालो, मन्मथ सहाच म्हणत होता. पंचनाम्यात हे नाही, कारण मी ते सांगितलं नाही. नाल्यापलीकडच्या विहिरीचंही सांगितलं. मग तुझे चुलते म्हणाले, इतके दिस गप कामून बसलात? मी म्हणालो, भ्यालो. त्यांनी नुसती मान हलवली. एकानं माझ्यासाठी ओट्यावर जागा केली आणि पाणी मागवलं. मला वाटलं, झालं. कधी नव्हे इतकं हलकं वाटलं मला, मन्मथ, लाज वाटावी इतकं.

वहिनी जागच्या हलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "येवढंच?"

मी त्यांच्याकडं बघितलं.

"ते दुसऱ्याच्या मोजण्यावर उतरणारे न्हवते. कवाच न्हाई. काय म्हणलात तुमी त्यांना?"

तुझी बायको तुला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती, यात नवल काय. मी खाली बघून सांगितलं. तुला काय म्हणालो ते, हसत म्हणालो ते, मजूर हसले ते. स्टँडवर तू मला काय सांगितलं होतंस आणि मी काय उत्तर दिलं होतं, तेही सांगितलं. तुझी भीती तू एकट्या मला सांगितली होतीस, ती मी तुझ्या गावाच्या ओट्यावर उघडी केली. त्याशिवाय माझं बोलणं पुरं होत नव्हतं. पाण्याचा तांब्या घेऊन आलेला माणूस तांब्या हातातच धरून उभा राहिला.

वहिनी रडल्या नाहीत. आवाजही चढला नाही. म्हणाल्या, "मोजण्यात चूक झाली असती तर मी पोटात घातली असती, भावजी. आता हितून पुढं आमच्या गावात येऊ नका."

मी बरं म्हणालो. ओट्यावरून उतरलो आणि स्टँडवर जाऊन गाडीची वाट बघत उभा राहिलो. आता तुझ्या गावात तुला कुणी माजलेला म्हणत नसेल. तुझ्या समाधीपाशी येऊन हे सगळं बोलायचं ठरवून मी निघालो होतो, तसा आता येणार नाही, म्हणून लिहून काढलं.